गोष्ट चारचौघांत सांगायला हवी

११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळात ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन वैशाली येडे यांनी केलं. लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण आयोजकांनी मागे घेतल्यावर जे वादळ उठलं त्यातून हा निर्णय झाला, त्यामुळे त्या दिवसांतली बहुतेक चर्चा निमंत्रणाभोवतीच फिरत राहिली. त्या गदारोळात एक बाब बाजूला पडली. येडे या यवतमाळ जिल्ह्यातल्या, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर एकटीने घर सांभाळणाऱ्या बाई, आणि संमेलनाच्या व्यासपीठावर येण्याआधीच त्या रंगमंचावर उभ्या राहिल्या होत्या. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात शेतकरी आत्महत्यांनंतर मागे राहिलेल्या बायकांची गोष्ट आहे, आणि ती सांगणाऱ्यांत ते सगळं भोगलेल्या बायका स्वतः आहेत. विदर्भातल्या आत्महत्यांवर तोवर ढीगभर लिहून झालं होतं. बातम्या, अहवाल, माहितीपट, कविता, कादंबऱ्या. त्यातल्या बहुतेक ठिकाणी ही बाई फक्त फोटोत होती: डोक्यावर पदर, मांडीवर लेकरू, मागे कुडाची भिंत. ‘तेरवं’मध्ये ती बोलू लागली, आणि बोलली ती आपल्याच मुलखातल्या लोकांसमोर, जे तिचे दीर-भासरे आहेत, शेजारी आहेत, सरपंच आणि सोसायटीचे संचालक आहेत.

गोष्टीने समाज बदलतो हे वाक्य आता सगळ्यांच्या तोंडी आहे. संस्था देणगीसाठी गोष्टी शोधतात, कंपन्या सामाजिक निधीतून छोट्या चित्रफिती काढतात, सरकारी खाती ‘यशोगाथा’ छापतात. यामागचा हेतू बहुतेकदा चांगलाच असतो. पण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे आणि ते मला चुकीचं वाटतं. ते असं, की एकेका माणसाचं मन हेलावलं की माणसं बदलतात, आणि माणसं बदलली की समाज बदलतो. मन हेलावण्याला मोल आहेच. पण रात्री अंथरुणात पडून मोबाइलवर एखाद्या विधवेची गोष्ट पाहून ज्याचे डोळे भरून आले, तोच माणूस दुसऱ्या दिवशी पुतण्याच्या लग्नात विधवा वहिनीला हळदीच्या कार्यक्रमापासून लांब बसलेली पाहतो आणि गप्प राहतो. तो दुष्ट नसतो. वहिनीवर अन्याय होतो आहे हे त्याला मनातून पटलेलंही असतं. त्याला अडवतं ते ‘लोक काय म्हणतील’. आणि गंमत नव्हे, दुःख हे की त्या मांडवातल्या दहा-वीस जणांना मनातून तसंच वाटत असतं, पण इतरांना तसं वाटतं हे कुणालाच ठाऊक नसतं. प्रत्येक जण बाकीच्यांना घाबरून गप्प असतो. ही कोंडी एकांतात ऐकलेली गोष्ट फोडू शकत नाही. ती फुटते चारचौघांत ऐकलेल्या गोष्टीने, कारण तिथे मी काय ऐकलं एवढंच मला कळत नाही, माझ्या शेजारच्यानेही तेच ऐकलं आणि तो उठून गेला नाही, हेही मला कळतं.

हे केवळ माझं मत नाही, त्याची पडताळणी झालेली आहे. मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतातल्या एका लहान गावात एरिक आरियास या अभ्यासकाने बायकांवरच्या हिंसाचाराविषयीची एक नभोनाट्य-मालिका दोन वेगवेगळ्या वाटांनी लोकांपर्यंत पोचवली. काही जणांना ती सीडीवर दिली, घरी एकट्याने ऐकण्यासाठी. काहींना ती सार्वजनिक रीतीने, सगळ्यांना कळेल अशा पद्धतीने ऐकवली. मालिका तीच, आवाज तेच, शब्द तेच. एकट्याने ऐकणाऱ्यांवर परिणाम झाल्याचं दिसलं नाही. सार्वजनिकपणे ऐकणाऱ्यांत मात्र हिंसा खपवून घेण्याची वृत्ती कमी झाली. त्याआधी २००९ मध्ये एलिझाबेथ लेव्ही पॅलक यांनी रवांडातला असाच अभ्यास प्रसिद्ध केला. १९९४ च्या वंशसंहारानंतर तिथे समेटाचा विषय घेऊन एक रेडिओ-मालिका चालवली गेली आणि गावागावांत लोकांनी ती वर्षभर गटाने बसून ऐकली. तुलनेसाठी दुसऱ्या गटांनी आरोग्यावरची मालिका ऐकली. वर्षानंतर असं दिसलं, की लोकांची मनातली मतं फारशी हलली नव्हती, पण आपल्या समाजात काय चालतं, काय बोललेलं चालतं, याविषयीची त्यांची समजूत बदलली होती आणि वागणंही बदललं होतं. शेवटी प्रत्येक गटाला एक टेपरेकॉर्डर आणि मालिकेच्या कॅसेटचा संच भेट म्हणून दिला. तो कुणी सांभाळायचा? आरोग्याची मालिका ऐकलेल्या गटांनी तो गावच्या अधिकाऱ्याच्या हवाली करायचं ठरवलं. समेटाची मालिका ऐकलेले मात्र आपसात बोलू लागले, वाद घालू लागले आणि आपणच मिळून तो सांभाळू असं म्हणू लागले. वरवर पाहता ही एका यंत्राची बाब आहे. पण अधिकाऱ्याच्या आज्ञेवरून शेजाऱ्याच्या अंगावर कोयता घेऊन धावलेल्या देशात लोकांनी अधिकाऱ्याकडे न पाहता आपसात ठरवणं, याला केवढा अर्थ आहे!

आपल्याकडे ही गोष्ट सांगायला परदेशी अभ्यासाची गरज तशी नव्हती, कारण विदर्भाने ती शंभर वर्षांपूर्वी करून पाहिली आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ ला जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरत तेव्हा आधी खराटा हातात घेत आणि दिवसभर रस्ते झाडत. कीर्तन रात्री. त्या कीर्तनात श्रोता मुकाट बसून पुण्य मिळवत नसे. बाबा विचारत आणि गर्दी मोठ्याने उत्तर देई. दगडाच्या देवाला अंघोळ कोण घालतं, त्याच्यासमोरचा नैवेद्य कुत्र्याने पळवला तर त्याला कोण हाकलतं, नवसाचं बोकड कापल्याने पोर जगतं का, सावकाराचं कर्ज काढून जेवणावळी घातल्या तर पुढे जमीन कुणाच्या घरी जाते, अशा वळणाचे प्रश्न असत. उत्तर देणाऱ्याला ते आधीपासून ठाऊकच असे. बाबांनी त्याला नवी माहिती काहीच दिली नव्हती. त्यांनी एवढंच केलं, की जे प्रत्येकाच्या पोटात होतं ते हजार माणसांच्या देखत हजार तोंडांतून बाहेर काढलं. एकदा ते बाहेर आल्यावर दुसऱ्या दिवशी ‘आमच्यात असं चालतं’ म्हणून कर्जाचं जेवण घालणाऱ्याची अडचण होई. त्याच कीर्तनांतून गोळा झालेल्या पैशांतून धर्मशाळा उभ्या राहिल्या, वसतिगृहं उभी राहिली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. गोष्टीला लगेच करण्याजोगं एखादं काम जोडलेलं असणं, ही त्यांच्या रीतीची दुसरी बाजू. तिच्याकडे मी पुढे येणार आहे.

तुकडोजी महाराजांनी हीच रीत वेगळ्या अंगाने पुढे नेली. खंजिरी भजन हे त्यांचं साधन, पण गावागावांत रोज संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून करायची सामुदायिक प्रार्थना ही त्यांची खरी रचना होती, कारण तिथे कुणी कुणाशेजारी बसावं याचे जुने नियम आपोआप बाजूला पडत. १६ ऑगस्ट १९४२ ला ‘छोडो भारत’ आंदोलनात चिमूर पेटलं, त्यामागे त्यांच्या भजनांनी झालेली जागृती होती असं इंग्रज सरकारलाच वाटलं आणि त्यांना पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवलं. त्याच वर्षीच्या जुलैत नागपुरात डॉ. आंबेडकरांच्या उपस्थितीत दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या आणि हजारो बायका आल्या होत्या. घटस्फोटाचा हक्क मिळावा, बहुपत्नीत्व बंद व्हावं, गिरणीतल्या कामगार बायकांना रजा मिळावी, असे ठराव तिथे झाले. हे ठराव करणाऱ्यांतल्या कितीतरी जणींना लिहिता येत नव्हतं. त्यांनी ते हात वर करून, टाळ्या वाजवून, सगळ्यांच्या देखत केले. पुढे ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी अशा बायकांना शोधून काढलं, त्यांच्या तोंडून त्यांच्या गोष्टी ऐकल्या आणि १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक केलं. ते पुस्तक नसतं तर जाईबाई चौधरींसारख्या नागपुरात मुलींची शाळा काढणाऱ्या बाईचं नाव आज किती जणांना ठाऊक असतं? आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर डॉ. आंबेडकरांबरोबर बौद्ध धम्म स्वीकारताना लाखो लोकांनी बावीस प्रतिज्ञा एकामागून एक मोठ्याने उच्चारल्या, तेव्हा प्रत्येकाच्या कानावर स्वतःच्या आवाजाबरोबर शेजाऱ्याचाही आवाज पडत होता. घरी गेल्यावर कोनाड्यातले जुने देव बाहेर काढताना माणूस एकटा नव्हता, कारण शेजारच्या घरातही तेच चाललं असणार हे त्याने आदल्या दिवशी कानांनी ऐकलं होतं.

आज ही जागा कुठे शिल्लक आहे, असं विचारलं तर माझं पहिलं उत्तर झाडीपट्टी हे आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांचा हा धानाचा मुलूख. दिवाळी झाली, धान निघालं, की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि तिथपासून थेट होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. गावातलं मंडळ वडशाला, म्हणजे देसाईगंजला जातं, तिथे नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, तिथे नाटक आणि तारीख ठरते. पाहुण्यांना निरोप जातात. सासरी गेलेल्या लेकी लेकरांसह माहेरी येतात, घराघरांत पाहुण्यांसाठी चूल जास्तीची पेटते, त्या गर्दीत सोयरिकीही जुळतात. कापणी झालेल्या बांधीत मंडप पडतो, तिकीट लागतं. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि कडाक्याच्या थंडीत, अंगावर चादरी-घोंगडी घेऊन बसलेलं अख्खं गाव पहाटेपर्यंत हलत नाही. वादक मंचासमोर बसून प्रत्यक्ष वाजवतात, नट गातात, विनोदी पात्र झाडीबोलीत बोलू लागलं की मंडप हसून लोळतो. विषय कुठले? भावाभावांतली वाटणी, दारूने धुळीला मिळालेला संसार, हुंड्यापायी परत आलेली लेक, सावकार, टाकलेली बाई, नक्षलवाद आणि पोलीस यांच्यामध्ये सापडलेला पोरगा. ही रंगभूमी सरकारी अनुदानावर उभी राहिलेली नाही, तिच्या खुर्च्या लोक स्वतःच्या खिशातून भरतात. गडचिरोलीच्या परशुराम खुणे यांनी या रंगभूमीवर पाच हजारांहून अधिक प्रयोग केले आणि २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या पुष्कळ वाचकांनी या रंगभूमीचं नाव पहिल्यांदा ऐकलं असेल. नागपूरपासून तीन-चार तासांच्या अंतरावर, वर्षातले चार महिने, हजारो माणसं रोज रात्री एकत्र बसून एकच गोष्ट ऐकतात. दारूवर, हुंड्यावर, बालविवाहावर लाखो रुपयांच्या मोहिमा आखणाऱ्यांच्या नजरेतून ही जागा सुटते याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या विचारावर पहिला आक्षेप दूरचित्रवाणीचा येईल, आणि तो पोकळ नाही. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये भारतातल्या खेड्यांचा अभ्यास मांडला. गावात केबल आल्यावर नवऱ्याने मारणं योग्य आहे असं मानणाऱ्या बायकांचं प्रमाण कमी झालं आणि मुलगाच हवा हा हट्टही थोडा सैल झाला, असं त्यांना आढळलं. घरात बसून पाहिलेल्या मालिकांनी हे केलं असेल, तर मंडपाचा एवढा आग्रह कशाला? पण तो अभ्यास २००१ ते २००३ या काळातल्या खेड्यांचा आहे. तेव्हा आळीत एखाद-दुसऱ्या घरी टीव्ही असे आणि त्याच्यासमोर पाच घरांतल्या बायका-पोरं जमत. शिवाय वाहिन्या मोजक्या होत्या, त्यामुळे रात्री आपण जे पाहिलं तेच पाणवठ्यावरच्या दुसरीनेही पाहिलेलं असे आणि त्यावर सकाळी बोलणं होई. म्हणजे तो प्रेक्षकही चारचौघांतलाच होता. आजचा मोबाइल वेगळा आहे. एकाच घरातल्या चौघांच्या हातांतले चार पडदे चार वेगळ्या गोष्टी दाखवतात, आणि कुणी काय पाहिलं हे दुसऱ्याला कळत नाही. पाहणारे कोटी असतील, पण त्यांच्यात ‘आपण सगळ्यांनी हे पाहिलं’ ही भावना नसते.

दुसरा आक्षेप याहून कठीण आहे. चारचौघांतली गोष्ट एवढी ताकदवान असेल तर ती विषही तेवढ्याच जोराने पसरवेल. तसं झालेलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी फिरते आहे या मोबाइलवरून पसरलेल्या अफवेपायी, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारा परका माणूस ही गोष्टच होती, आणि ती भर बाजारात, सगळ्यांच्या देखत सांगितली आणि ऐकली गेली. रवांडातही संहाराच्या काळात रेडिओनेच आग लावली होती. म्हणून नुसती गर्दी पुरेशी नाही, हे मला मान्य आहे. मग गाडगेबाबांचं कीर्तन आणि राईनपाड्याचा बाजार यांत फरक कशाचा? अफवेला सांगणारा नसतो. ती कुठून आली हे विचारायचं कुणाला? तिला प्रश्न करता येत नाही, आणि ज्याच्याविषयी ती आहे त्याला बोलू दिलं जात नाही. त्या पाच जणांनी आपण कोण, कुठले, हे सांगायचा प्रयत्न केला असेलच, पण ते ऐकायला थांबणारं कुणी नव्हतं. कीर्तनात, नाटकात, परिषदेत सांगणारा समोर उभा असतो, त्याचं नाव-गाव सगळ्यांना माहीत असतं, तो उद्याही सापडणार असतो. आणि ‘तेरवं’सारख्या नाटकात तर जिच्याविषयी गोष्ट आहे तीच बोलते. म्हणून माझी अट दुहेरी आहे. गोष्ट चारचौघांत सांगितली जावी, आणि ज्याची गोष्ट त्याला तिथे तोंड असावं. यातली दुसरी अट वगळली, तर पहिलीचा उपयोग कुणीही कशासाठीही करील.

विधवांच्या बाबतीत हे कसं घडतं ते पाहण्यासारखं आहे. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढून घेणं या प्रथा गावात पाळायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं करण्याचं आवाहन केलं. ठराव कागदावरच राहील, अशी शंका घेणारे तेव्हाही होते. पण ग्रामसभेचा ठराव म्हणजे गावाने उघडपणे म्हटलेलं वाक्य आहे. ज्या भावाला, ज्या सासऱ्याला आपल्या घरातल्या बाईचं कुंकू पुसायचं नाही, त्याला आता मागे उभं राहायला एक भिंत आहे, ‘गावाने ठरवलंय’ असं तो म्हणू शकतो. विदर्भातल्या गावांत असे ठराव व्हायला हवेत, आणि ठरावाच्या आदल्या रात्री तिथे ‘तेरवं’चा किंवा तशा नाटकाचा प्रयोग व्हायला हवा, कारण बाईच्या तोंडून ऐकल्यावर हात वर करणं आणि सचिवाने वाचून दाखवलेल्या परिपत्रकाला हात वर करणं यांत फार अंतर आहे.

इथे तिसरा आक्षेप उभा राहतो, आणि शेतकरी चळवळीतले लोक तो रागाने घेतात. त्यांचा राग योग्य आहे. गोष्टीने कापसाला भाव मिळत नाही, बँक कर्ज देत नाही, कोरडवाहू रानात पाणी येत नाही. २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, तरी आत्महत्या थांबल्या नाहीत. मग नाटकाने काय थांबणार? मी इतकंच म्हणेन, की नाटकाने कापसाचा भाव ठरत नाही हे खरं असलं तरी मागे राहिलेल्या बाईचं बरंचसं दुःख भावापलीकडचं आहे. तिच्या वाट्याला येणारी पहिली सरकारी गोष्ट म्हणजे पात्र की अपात्र. कर्ज बँकेचं की सावकाराचं, जमीन मृताच्या नावे की त्याच्या बापाच्या, याचा हिशेब करून फाइलवर शेरा पडतो आणि एक लाखाची मदत त्यावर ठरते. दुसरी गोष्ट सातबाऱ्याची. जमीन सासऱ्याच्या नावे असते, वारस म्हणून दिराचं नाव लागतं, तिचं लागत नाही. मग पीककर्जही मिळत नाही आणि विमाही नाही. महिला किसान अधिकार मंचाने २०१८ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या अशा ५०५ बायकांशी बोलून पाहणी केली, तेव्हा जवळपास ४० टक्के जणींना शेतजमिनीवर हक्क मिळालेला नव्हता. त्या बायकांनी आपलं म्हणणं मुंबईपर्यंत नेलं आणि जून २०१९ मध्ये सरकारने त्यांच्यासाठी स्वतंत्र शासन निर्णय काढला. तो आपोआप निघालेला नाही. आधी पाहणी झाली, मग ती पाहणी ज्यांची होती त्या बायका अधिकाऱ्यांसमोर बसून बोलल्या, तेव्हा कागद हलला. आकडा आणि तोंड या दोघांची गरज होती. पण तिच्या घरातला सातबारा ज्या दिराच्या हातात आहे, त्याच्यापर्यंत शासन निर्णय पोचत नाही. तिथे गावासमोर सांगितलेली गोष्टच पोचते.

कलेच्या बाजूनेही कुरकुर होईल. उपदेशासाठी रचलेलं नाटक वाईट असतं हे मला मान्य आहे, आणि त्याचे पुरावेही खूप आहेत. सरकारी योजनांची घोषणा गाण्यात घालून केलेली पथनाट्यं लोक दोन मिनिटं उभे राहून पाहतात आणि निघून जातात. पण प्रेमानंद गज्वी यांची ‘घोटभर पाणी’ ही एकांकिका सत्तरच्या दशकापासून हजारो वेळा झाली, वेगवेगळ्या भाषांत झाली, ती उपदेश म्हणून नव्हे, तर दोन पात्रांतल्या ताणाने प्रेक्षक खिळून राहतो म्हणून. चंद्रपूर जिल्ह्यातून आलेले हेच गज्वी २०१९ मध्ये नागपुरात झालेल्या ९९ व्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष होते. झाडीपट्टीचा प्रेक्षक तिकीट काढून येतो आणि कंटाळला तर घरी जाऊन झोपतो. त्याला पहाटेपर्यंत बसवून ठेवणाऱ्याला नाटक येतं, एवढं मानायला हवं.

नागपूर शहरानेही या प्रश्नाकडे आपल्या परीने पाहायला हवं. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये पावसात बादलीने फुटबॉल खेळणारी पोरं पाहिली आणि झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांनी त्यावर ‘झुंड’ काढला, त्यात नागपूरच्या वस्त्यांतल्या पोरांनी कामं केली. देशाने पाहिलेला तो सिनेमा ज्यांच्या वस्तीवर आहे, त्यांच्या वस्तीत पडदा लावून तो किती वेळा दाखवला गेला, आणि सिनेमा संपल्यावर मैदान, शाळागळती, गांजा, पोलीस ठाणं यांवर तिथे बोलणं किती वेळा झालं, हे विचारण्यासारखं आहे. रेशीमबागेत सुमारे दोन हजार आसनांचं सुरेश भट सभागृह २०१७ पासून उभं आहे आणि ते शहराचं भूषण आहे, पण पाचपावलीची, ताजबागची, यशोधरानगरची बाई तिथे रात्री नऊच्या प्रयोगाला जात नाही. तिच्या घराजवळ समाजभवन असतं. आमदार आणि नगरसेवकांच्या निधीतून शहरभर अशी भवनं बांधली गेली, आणि ती लग्न, बारसं, तेरवी यांच्यासाठी भाड्याने जातात. त्यातल्या प्रत्येकात महिन्यातल्या दोन संध्याकाळी विनाभाडं नाटक, कीर्तन किंवा सिनेमा आणि त्यानंतर बसून बोलणं, एवढं महापालिकेने ठरवलं तर खर्च वीज आणि सतरंज्यांचा येतो.

खेड्यांसाठी माझी मागणी याहून नेमकी आहे, आणि गोष्टीला लगेच करण्याजोगं काम जोडायची गाडगेबाबांची रीत तिच्यात आहे. वर्धा जिल्हा नागपूर विभागात येतो, झाडीपट्टीचे चारही जिल्हे याच विभागात आहेत, आणि महाराजस्व अभियानात महसूल खातं गावोगाव फेरफार अदालती भरवतंच. विभागीय आयुक्तांनी त्यातल्या काही अदालती नाटकाच्या मंडपाला जोडून घ्याव्यात. रात्री नाटक, सकाळी त्याच मंडपात तलाठी आणि मंडळ अधिकारी टेबल टाकून बसलेले. ज्या बाईचं नाव सातबाऱ्यावर लागायचं राहिलं आहे तिचा वारस नोंदीचा अर्ज तिथेच घ्यायचा, साक्षीला सरपंच आणि शेजारी तिथेच आहेत, आणि हरकत असलेल्या दिराने ती रात्री नाटक पाहिलेल्या गावासमोर मोठ्याने सांगायची. पुढच्या दिवाळीनंतर मंडईचा हंगाम सुरू होईल तेव्हा वर्ध्यातल्या, यवतमाळच्या सीमेवरच्या दहा गावांत हे करून पाहता येईल. डिसेंबरात विधिमंडळ नागपुरात असतं. तेव्हा त्या दहा गावांत किती नोंदी लागल्या याची यादी सभागृहासमोर ठेवावी, आणि ज्यांच्या लागल्या नाहीत त्या बायकांना ती यादी वाचायला बोलवावं.